साहेबांची सावली

राज्याच्या कामगार खात्याचे साहेब येणार म्हणताच एवारिस्तो मुकादमानं पीचच्या बागेत मांडव ठोकला आणि खाली थंड पाण्याचं पिंप आणून ठेवलं. बागेत पीच तोडणाऱ्या ओफेलियाचा जीव भांड्यात पडला. मागच्याच आठवड्यात तिची बहीण चायो ऊन लागून शिडीवरून कोसळली होती आणि ओफेलियानं खात्याकडे तक्रार केली होती. कॅलिफोर्नियात उन्हात राबणाऱ्याला सावली द्यावी असा कायदाच आहे. कायद्याचं एक बरं असतं, त्याला स्वतःला कधी ऊन लागत नाही.

प्रुइट साहेब आले, मांडवाखाली बसले, गार पाणी प्याले. "उत्तम सोय आहे," म्हणाले. तेवढ्यात मागच्या वाटेनं शेजारच्या बागेचा ट्रक येऊन उभा राहिला.

"हा कशाला आलाय?" ओफेलियानं विचारलं.

"मांडव न्यायला," मुकादम कुजबुजला. "साहेब आता तिकडं जाणार ना! सगळ्या बागांत मिळून एकच मांडव आहे."

"आणि आम्ही?"

"तुमची तपासणी झाली की!"

ओफेलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिघडलेला ट्रॅक्टर चालू करण्यात तिचा हात धरणारं बागेत कुणी नव्हतं. ती गुपचूप साहेबांच्या गाडीपाशी गेली, पुढचं झाकण उचललं आणि एक तार सैल करून आली.

साहेबांनी किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. साहेब घाम पुसत परत मांडवाखाली येऊन बसले. आता त्यांच्या डोक्यावरचा मांडव उपटायची कुणाची छाती? आणि त्यांच्यादेखत माणसांना उन्हात तरी कसं हाकलणार? चायोनं सावलीत ऐसपैस पाय पसरले.

ट्रकवाला भोंगा वाजवून थकला. शेवटी बागेचे मालक स्टॉडर्ड स्वतः धावत आले.

"ओफेलिया, माझी आई, तेवढी गाडी बघ ना!"

"बघितली असती हो मालक, पण विश्रांती चाललीय." ती साहेबांकडे वळली. "साहेब, विश्रांतीत काम केलं तर चालतं का?"

"मुळीच नाही!" साहेब कडाडले. "आम्ही बसलोय कशाला मग?"

मालकांनी मुकाट्यानं चायोला पेला भरून दिला.

ऊन उतरल्यावर ओफेलियानं तार जोडली. गाडी सुरू झाली तसे साहेब अगदी गहिवरले.

"बाई, खात्यानं तुमच्यासाठी आणखी काय करावं?"

"फार काही नको साहेब. उद्या सकाळीच या. गाडीचं मी बघते."