चौबळकाकांची गौरवाची पाटी

इथे आखातात, करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक पाटी आहे: ‘बटण एकदाच दाबावे. लिफ्ट बहिरी नाही.’ वर मराठी, खाली हिंदी, त्याखाली इंग्रजी. चपलांच्या रॅकवर दुसरी: ‘स्वतःच्याच घालाव्या.’ या सगळ्या चौबळकाकांच्या. काका आमचे शेजारी. अल कुसैसमध्ये त्यांचं पाट्या बनवायचं दुकान आहे. दुकानात ते गिऱ्हाइकांच्या पाट्या करतात आणि बिल्डिंगमध्ये स्वतःच्या मनातल्या.

बोलणंही तसंच. चहाला बोलावलं की दारातूनच, “साखर विचारू नये, घालावी!” काकू गेल्या, मुलगा कॅनडाला गेला, तेव्हापासून पाट्या जरा वाढल्याच आहेत. माणसाला कुणाशी तरी बोलायला हवंच ना.

त्यांचे जिवलग दोस्त एकच, डॉक्टर इद्रिस. सुदानचे, काळेभोर, दारातून वाकून आत येणारे. तळमजल्यावर त्यांचा प्राण्यांचा दवाखाना. ते आले तेव्हा इथले जनावरांचे डॉक्टर म्हणे उंटांच्याच मागे असायचे. आमच्या भागातल्या पोपटामांजरांना कुणी वाली नव्हता. गल्लीतल्या मांजरांवर डॉक्टर फुकट उपचार करायचे. संध्याकाळी दोघे दवाखान्याबाहेरच्या बाकावर सुलेमानी चहा पीत आणि हिंदीत कडाकडा भांडत.

यंदा डॉक्टरांनी दवाखाना बंद करून कैरोला लेकीकडे जायचं ठरवलं. जागा एका कॅफेटेरियावाल्याने घेतली. काकांनी त्याला गाठून भिंतीवर पाटी लावायची परवानगी काढली.

“पितळेची करणार! करामातला पहिला प्राण्यांचा डॉक्टर, लोकांना कळायला नको?”

पण जन्मभर दटावणाऱ्या पाट्या लिहिणाऱ्या माणसाला कौतुक काही लिहिता येईना. पहिला मजकूर आला: ‘येथे डॉक्टर इद्रिस बसत. इतरांनी टेकू नये.’ दुसरा: ‘डॉक्टर इद्रिस थोर आहेत. शंका असल्यास आत येऊ नये.’

“काका, हा गौरव आहे की दमदाटी?” मी विचारलं.

“गौरवच. जरा ठणकावून.”

“अंकल, जस्ट राइट समथिंग नाइस!” माझी लेक इरा म्हणाली.

“नाइस मला जमत नाही गं,” काका म्हणाले. एरवी खणखणीत असणारा आवाज एकदम बारीक झाला होता. डॉक्टर निघायच्या आत पाटी लागायला हवी होती, आणि पितळेवर नुसतं नाव कोरून झालं होतं.

निरोपाच्या दिवशी दवाखान्यात ही गर्दी! पिंजऱ्यांसकट पोपटवाले, टोपल्यांसकट मांजरवाल्या. काका वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी घेऊन आले आणि मान खाली घालून उभे राहिले.

“डॉक्टरसाब, माफ करना. नाम के आगे कुछ लिखना नहीं आया.”

डॉक्टर गडगडून हसले. “तुमने कब का लिख दिया है, हबीबी!” आणि त्यांनी कपाटातून पिवळी पडलेली प्लास्टिकची एक पाटी काढली: ‘डॉक्टर हेच आहेत. पुन्हा विचारू नये.’

मग आम्हाला कळलं. सुरुवातीला लोक आत यायचे आणि काळा माणूस बघून, हा मदतनीस असणार असं धरून, त्यालाच विचारायचे, “डॉक्टर किधर है?” काका एकदा काकूंचा पोपट घेऊन बसले होते, तेव्हा एका बाईंनी असंच विचारलं. दुसऱ्या दिवशी दारावर ही पाटी! काकांनी स्वतःच्या मनाने केलेली ही पहिलीच. सगळ्या करामाला डॉक्टर ठाऊक झाले तेव्हा ती उतरली, पण डॉक्टरांनी टाकली नव्हती.

“गुस्सा मुझे आना चाहिए था,” डॉक्टर म्हणाले, “आ गया इसको!”

सगळे हसले. काका चष्मा पुसत बसले आणि “रडू नये, रडू नये” असं स्वतःलाच बजावत राहिले.

आता कॅफेटेरियाच्या भिंतीवर पितळी नाव आहे आणि त्याखाली ती पिवळी पाटी. बाकही तिथेच आहे. संध्याकाळी काका त्यावर एकटेच सुलेमानी घेऊन बसतात.

परवा एका नव्या भाडेकरूने पाटी वाचून विचारलं, “कौन डॉक्टर? ये तो कॅफेटेरिया है.”

काकांनी पाटीकडे बोट दाखवलं. “पढ़िए. दुबारा पूछना नहीं.”

तो बिचारा ओशाळून निघाला.

“अरे, सुनिए तो!” काकांनी घाईघाईने हाक मारली आणि बाकावर सरकून जागा केली. “एक बार तो और पूछिए!”