परबकाका आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर

परबकाका कुठल्याही यंत्राचा स्क्रू काढतात तेव्हा तो कॅलेंडरवर चिकटवतात. ज्या तारखेला काढला त्या तारखेच्या चौकोनात, चिकटपट्टीखाली, आणि शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात त्याचा पत्ता: 'डावी फळी, वरून दुसरा'. कॅलेंडर चालू वर्षाचं चालत नाही, कारण त्यावर घरातली माणसं दुधाचे खाडे आणि सिलिंडर लिहितात. म्हणून मागच्या वर्षीचं. त्यात वार चुकतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "स्क्रूक वाराशी काय करूचा हा? त्याचो उपास असता काय?" असं त्यांनी मला विचारलं.

काका आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण कारखान्याचा निळा शर्ट अजून अंगावर असतो. आपण हात लावलेलं मशीन पुन्हा उघडावं लागलं नाही, हे ते पहिल्या भेटीत सांगतात, दुसऱ्या भेटीत सांगतात, आणि लिफ्टमध्ये एकटे भेटलात तर दोनदा सांगतात.

आता ते माझ्या तावडीत कसे सापडले, की मी त्यांच्या, ते सांगतो. माझ्या आत एक कारागीर दडला आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तसा पुरावा काही नव्हता. आजवर माझ्या हातून एकच वस्तू दुरुस्त झाली होती, ती म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, आणि तेही सेल बदलून. पण यंदा शिमग्याच्या सुमारास मी रोज एका परदेशी गृहस्थाचे व्हिडिओ बघायला लागलो. तो जुनी पिनबॉलची मशिनं अशी खोलायचा, की मटार सोलतोय. बघता बघता आपल्यालाही येतं असं वाटायला लागलं. अंधेरीतल्या एका बंद पडलेल्या क्लबचं मशीन विकायला निघालं होतं. मी ते टेम्पोत घालून मुलुंडला आणलं. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून चार हमालांनी तिसऱ्या मजल्यावर चढवलं. मेघनाने, म्हणजे माझ्या बायकोने, दार उघडलं, मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन कुकर लावला.

पिनबॉल म्हणजे काय हे तिला समजावताना मला फार त्रास झाला, तुम्हाला थोडक्यात सांगतो. टेबलाएवढी, जरा उतरती, काचेच्या झाकणाची पेटी. आत लोखंडी गोळी सुटते आणि खुंट्यांवर आपटत, घंटा वाजवत खाली येते. खाली भोकात पडायच्या आत दोन छोट्या वल्ह्यांनी तिला परत वर मारायची. वल्ह्यांची बटणं पेटीच्या दोन्ही बाजूंना, एकेका हाताला एक. इतकंच. एवढ्यासाठी एवढं मोठं, असं मेघना म्हणाली.

पहिल्या संध्याकाळी मी ऐटीत पिन सॉकेटमध्ये घातली. मशीन अमेरिकेचं, म्हणजे एकशे दहा व्होल्टचं, हे मागे पत्र्यावर ठळक लिहिलं होतं. पण मागे कोण बघतो? फट् आवाज झाला, जळकट वास सुटला, आणि अख्ख्या मजल्याची लाईट गेली. समोरचं दार उघडलं. हातात टॉर्च घेऊन परबकाका आत आले. मला काही विचारलं नाही, सरळ मशीनच्या पोटाखाली शिरले. अर्ध्या तासाने बाहेर आले आणि म्हणाले, "शनिवारी चार वाजता शिफ्ट सुरू. जुनं कॅलेंडर आहे का?"

तेव्हापासून दर शनिवार-रविवार चार ते सहा आमच्या हॉलमध्ये कारखाना सुरू झाला. मशीन माझं, पण हुद्दा हेल्परचा. माझं काम टॉर्च धरणं, चहा आणणं आणि चिकटपट्टीचे तुकडे कापून बोटांवर तयार ठेवणं. तेही मी एकसारखे कापत नसे. सहाला काका माझ्याकडून वहीत सही घेत, 'चार्ज घेतला' म्हणून. मी घरात झोपलेला असतानाही मशीनचा चार्ज माझ्याकडे असे. एकदा ते चहा पीत असताना मी स्वतःच्या बुद्धीने एक तार जोडली, तर पुढचे दोन रविवार ती कुठे जोडली हे शोधण्यात गेले.

सहा म्हणजे सहा. कारण सहाला परबकाकींना सांभाळणारी मावशी घरी जायची आणि त्यांच्याजवळ कोणी नसायचं. गेल्या दिवाळीत काकींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय पुष्कळ सुधारला, बोलणं तर शाबूतच होतं, पण डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो खिडकीत पडून होता. काकी त्याला हात लावत नाहीत, असं मावशी मेघनाला सांगायची.

इकडे मेघनाने मुदत दिली होती. मशीन उभं होतं तो कोपरा आमच्या गणपतीचा. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत चालू झालं तर बघू, नाहीतर भंगारवाला. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझी हौस जूनमध्येच फिटली होती, मी नुसता टॉर्च धरायला उरलो होतो. काकांनी मात्र हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट रोजची केली. मला ऑफिस असतं, हे त्यांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. मेघनाकडून किल्ली घेऊन ते एकटेच येऊ लागले.

गणपतीला आठ दिवस राहिले. काकांनी सगळं घासून-पुसून तयार केलं होतं, आता फक्त जोडायचं होतं. त्या सकाळी मेघना म्हणाली, साफसफाई काढली आहे, निदान रद्दी तरी घालून ये. मी आज्ञाधारकपणे सगळी रद्दी उचलली. भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर दिसलं, तेही उतरवलं. मागच्या वर्षीचं कॅलेंडर घरात कोण ठेवतं? मी ते गुंडाळून गठ्ठ्यात खुपसलं. रद्दीवाल्याच्या काट्याने चांगलं वजन दाखवलं, तेव्हा मला आनंदही झाला. सहा महिने ज्या कॅलेंडरसाठी मी चिकटपट्ट्या कापल्या, ते मी स्वतःच्या हाताने, शिट्टी वाजवत रद्दीत दिलं. या कामाला वेगळी अक्कल लागते आणि ती माझ्याकडे भरपूर आहे.

चार वाजता काकांनी भिंतीवरचा रिकामा खिळा पाहिला. मी सुट्टीवर होतो, म्हणून समोरच सापडलो. आम्ही दोघं रद्दीवाल्याकडे पळालो. पळालो म्हणजे मी पळालो, काका माझ्या पुढे होते. रद्दीवाला माणूस चोख. त्याने कागद वेगळा केला होता, लोखंड वेगळं. कागदाचा टेम्पो दुपारीच गेला होता. स्क्रू मात्र त्याने एका डब्यात जपून ठेवले होते, शंभरावर, सगळे एकत्र. पत्ता एकाचाही नाही.

मग सुचलं ते बोललो, आणि ते न सुचतं तर बरं होतं. म्हणालो, जाऊ द्या ना काका, तसंही ते भंगारातच जायचं होतं.

काका डबा छातीशी धरून फुटपाथवर उभे राहिले.

"तुका काय वाटला, ह्या मी तुझ्यासाठी करतंय?" ते म्हणाले. "तुझी काकी डावखुरी. विक्रोळीक चाळीत कॅरममध्ये तिणा एका पुरुषाक जिंकूक दिल्यान नाय. त्याच हातान. आता चेंडू दाबूक सांगलंय तर म्हणता, मी काय पोर आसंय? बटण असला आणि समोर खेळ जिंकूचो असलो, तर ती दाबतली. म्हणान करतंय."

काका चिडले की मालवणीत जातात, हे मला माहीत होतं. पण ते चिडले नव्हते. मला लाज वाटली. नेहमी वाटते तशी गमतीची नव्हे, खरी.

पुढचा आठवडा मी ऑफिसला ताप आल्याचं कळवलं. दोघांनी मिळून एकेक स्क्रू प्रत्येक भोकात लावून पाहिला. मेघनाने मखराचं सामान बेडरूममध्ये हलवलं, मुदतीबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि भरलेल्या भोकांवर खुणेसाठी चिकटपट्ट्या माझ्यापेक्षा सरळ कापल्या. चतुर्थीच्या आदल्या दुपारी, काकांनी आणलेल्या एकशे दहाच्या ट्रान्सफॉर्मरवर, मशीनचे दिवे लागले. घंटा वाजली, आकडे खडखड फिरले. तीन स्क्रू उरले. काकांनी ते गुपचूप खिशात टाकले आणि मी बघितलं नाही असं दाखवलं. नंतर मी दोन्ही बटणं शंभर वेळा दाबून पाहिली. दोन्ही वल्ही टकाटक उठत होती.

पाच वाजता काकींना आणलं. दोन उशा घालून खुर्चीत बसवलं. काकांनी त्यांच्या डाव्या हाताचं बोट उचलून बटणावर ठेवलं आणि स्वतः गोळी सोडायची दांडी धरली. पहिली गोळी घंटा वाजवत आली आणि डाव्या वल्ह्याजवळून भोकात गेली. दुसरीही गेली. तिसरीही.

"स्विच कच्चा आहे," काका म्हणाले. "माझ्याच कामात राहिलं काहीतरी. तुझा दोष नाही. उद्या उघडून बघतो."

आपल्या हातचं मशीन पुन्हा उघडणार, असं परबकाका स्वतःच्या तोंडाने म्हणत होते. मी मशीनच्या काचेकडे बघत राहिलो.

"स्विच बरा आहे," काकी म्हणाल्या. "बोट उठलं नाही माझं. टाका परत."

काकांनी परत टाकली. मग परत. कितव्या गोळीला ते मोजलं नाही, पण गोळी भोकात गेल्यावर, उशिराने, डावं वल्हं हललं. अर्धंच उठलं आणि पडलं. मेघनाने माझा दंड घट्ट धरला.

काका वाकले आणि मशीनच्या पोटाखाली शिरले. तिथे त्यांना बघण्यासारखं काही नव्हतं, टॉर्चही नेला नव्हता. बराच वेळ नुसते त्यांचे पाय बाहेर दिसत होते.

"अहो," काकी म्हणाल्या, "रडून झालं की बाहेर या. गोळी कोण टाकणार?"