भोवऱ्यातला नवरदेव

एका जंगलात, मुलांनो, सोनाप्पा नावाचा एक गवा राहत होता, आणि त्याच जंगलाच्या मते तो कधीच बुडून गेला होता.

तुम्ही म्हणाल, राहत होता तर बुडाला कसा? आणि बुडाला तर राहत कसा होता? जरा दम धरा. हा प्रश्न तुम्हाला पडला, कारण तुम्ही त्या जंगलात राहत नाही.

सोनाप्पा अंगाने डोंगर होता आणि स्वभावाने लोणी. एका वर्षी नदीला मोठा पूर आला. ससे, खारी, मुंगसं, घोरपडी अलीकडच्या काठावर अडकली. सोनाप्पा पाण्यात उतरला. पाठीवर बसवून त्याने सगळ्यांना पलीकडे नेऊन सोडलं. शेवटच्या खेपेनंतर तो एकटाच मागे वळला आणि भोवऱ्यात सापडला. त्याची शिंगं दिसली, मग दिसेनाशी झाली. काठावर एकच आकांत उठला.

पुढे वळणावर त्याचं शिंग एका जांभळीच्या मुळीत अडकलं. मुळीच्या आधाराने सोनाप्पा बाहेर आला. त्याने कान झाडले, दोन शिंका दिल्या आणि तो चरायला लागला.

झालं ते एवढंच. पण त्या जंगलात नुसत्या झालेल्या गोष्टीला किंमत नव्हती. गोष्ट गाण्यात आली, की मगच ती झाली असं सगळे मानत.

गाण्यात आणायचं काम शाहीर साळिंदराचं. अंगावरचे काटे खुळखुळवून तो असा ठेका धरायचा, की वारुळालाही मान डोलवावीशी वाटावी. मागे दोन रानकोंबड्या 'जी रं जी' म्हणत झील ओढायच्या. शाहिराने सोनाप्पाचा पोवाडा रचला. पोवाड्याच्या भागाला चौक म्हणतात. या पोवाड्याचे दोन चौक होते. पहिल्यात सोनाप्पा बुडतो, दुसऱ्यात बाहेर येतो. शाहिराच्या मते दुसरा चौक त्याने आयुष्यात रचलेला सर्वांत सुंदर चौक होता.

पळस फुलला, की माळावर लोकसंगीत महोत्सव भरायचा. कार्यक्रम दुपारी सुरू व्हायचा आणि सूर्य मावळताच बंद. नियमच होता तसा. कारण सूर्य मावळला, की वाघ उठायचा. वाघाला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण श्रोते त्याला फार आवडायचे.

त्या वर्षी शाहिराने पहिला चौक संपवला:

*पाठीवरची लेकरं उतरली, मागं वळला तो पाण्याला,*
*शिंगं दिसली, शिंगं बुडाली, ठाव लागंना कोणाला,*
*जी रं जी, ठाव लागंना कोणाला!*

माळ हुंदक्यांनी भरून गेला. आणि कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

शाहिराने पहिला चौक पुन्हा गायला. पुन्हा हुंदके, पुन्हा "वन्स मोअर!" असं करता करता सूर्य मावळला. दुसरा चौक राहून गेला.

पुढच्या वर्षीही तो राहून गेला. त्याच्या पुढच्या वर्षीही.

दुष्ट कुणीच नव्हतं, मुलांनो. रसिकांचं शाहिरावर जिवापाड प्रेम होतं. पण पहिल्या चौकात पोटभर रडायला मिळायचं, आणि पोटभर रडल्यावर आपण फार चांगले आहोत असं वाटायचं. ते सोडून पुढे कशाला जायचं?

त्यामुळे सोनाप्पा भोवऱ्यातच राहिला. नदीकाठी त्याचं स्मारक झालं. दरवर्षी स्मृतिदिन पाळला जाई. सोनाप्पा शेजारून जात असला, तर त्यालाही थांबवून मान खाली घालायला लावत. एकदा तो म्हणाला, "अहो, पण मी जिवंत आहे!" तेव्हा एक घोरपड त्याला दरडावून म्हणाली, "हळू बोल. लोक दुःखात आहेत, दिसत नाही?"

इथवरही सोनाप्पाचं काही बिघडलं नव्हतं. पण मग त्याला चंद्रा आवडली.

चंद्रा गव्यांच्याच कळपातली. तिला सोनाप्पा त्याच्याही आधीपासून आवडत होता. तिचे वडील, म्हणजे तात्या, कळपाचे म्होरके. सोनाप्पा त्यांच्याकडे मागणी घालायला गेला.

तात्यांनी त्याला बसायला सांगितलं, हिरवा चारा पुढे केला, आणि म्हणाले, "पोरगा म्हणून तू सोन्यासारखा आहेस बाबा. पण बुडालेल्याला मुलगी कशी द्यायची?"

"मामा, मी तुमच्यासमोर बसलोय."

"बसलायस ते दिसतंय की. माझे डोळे काय फुटलेत? पण पोवाड्यात तू भोवऱ्यात आहेस."

"पोवाडा पुढे आहे, मामा. मी बाहेर येतो त्यात."

"आम्ही नाही बाबा ऐकलं तसं." तात्यांनी रवंथ करत विचार केला. "हे बघ. पलीकडच्या डोंगरावरचं एक स्थळ आलंय. त्याच्यावर पोवाडाच नाही, म्हणजे तो नक्की जिवंत असणार. तरी पण मी महोत्सवापर्यंत थांबतो. यंदा शाहिराने तुला बाहेर काढलं, तर चंद्रा तुझी. नाही तर मी पलीकडे होकार कळवणार."

सोनाप्पा धावत शाहिराकडे गेला.

"शाहीर, यंदा मला बाहेर काढा. पाया पडतो तुमच्या."

"अरे, मला काय हौस आहे तुला बुडवायची?" शाहीर कळवळून म्हणाला. "माझा दुसरा चौक घशात कुजत चाललाय. झोपेत गातो मी तो. बायको म्हणते, आधी पहिला म्हणा."

"मग यंदा सुरुवातच दुसऱ्यापासून करा!"

शाहिराचे काटे उभे राहिले. ते आनंदाने की भीतीने, ते त्यालाही कळलं नाही. पण तो म्हणाला, "करतो! गाणं पुरं ऐकायला हवं रे जंगलाने. अर्ध्या गाण्यावर कुठे कुणाचं भलं होतं?"

मुलांनो, कसं छान बोलला! आपण टाळ्या वाजवू. कारण पुढे त्याच्यासाठी कुणी वाजवल्या नाहीत.

महोत्सवाचा दिवस उजाडला. माळाच्या तोंडाशी केळीच्या पानांचा भलामोठा फलक लागला होता: 'शाहिरांना रसिकांच्या हार्दिक शुभेच्छा!' फलकावर रसिक मंडळाचे अध्यक्ष मुंगूसराव यांचं चित्र होतं, खाली सगळ्या सदस्यांची चित्रं होती, आणि कोपऱ्यात जागा उरली तिथे शाहिराचा एक काटा काढला होता.

मंडळ शुभेच्छा द्यायला मंचामागे आलं.

"शाहीर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो," मुंगूसराव म्हणाले, "आणि तुम्ही तेच गात राहा!"

"मी सकाळपासून डोळे कोरडे ठेवलेत," खार म्हणाली. "सगळं तुमच्यासाठी राखून ठेवलंय."

"भोवरा जरा लांबवा या वर्षी," घोरपड म्हणाली. "माहेरची माणसं आलीत."

शाहीर घाम पुसत मंचावर गेला. त्याने डोळे मिटले, काटे खुळखुळवले आणि आवाज लावला:

*जांभळीच्या मुळीत शिंग अडकलं, शिंगानं तारला गडी...*

माळावर माना वळल्या. मग कुजबूज. मग गोंगाट.

"हे काय नवीन?"

"शाहीर बदलले हो! पूर्वीचे राहिले नाहीत!"

"बुडायच्या आधीच तारला? मग आम्ही रडायचं कधी?"

मुंगूसराव मागच्या पायांवर उभे राहिले. "शाहीर, आम्ही तुमच्यावर प्रेम करतो. त्याचा हा असा गैरफायदा घेऊ नका. पहिला चौक!"

"पहिला चौक! पहिला चौक!" सगळा माळ गरजू लागला.

शाहिराने सोनाप्पाकडे पाहिलं. सोनाप्पाने मान खाली घातली. शाहिराने पहिला चौक गायला. सोनाप्पा बुडाला. वन्स मोअर झाला. सोनाप्पा पुन्हा बुडाला.

सूर्य कलला. तात्या उठले आणि अंगावरची धूळ झटकत म्हणाले, "झालं तर मग. उद्या पलीकडे निरोप धाडतो."

तेवढ्यात चंद्रा मंचावर चढली.

मंच करकरला. शाहीर एका बाजूला सरकला. चंद्राने आधी डोळे पुसले, मग सगळ्यांकडे पाहिलं.

"रसिक मायबाप, एक विचारू का? या पोवाड्यात पूर आहे, भोवरा आहे, शिंगं आहेत. पण बुडणाऱ्याच्या मागे रडणारं कोण आहे?"

"आम्ही आहोत की!" खार म्हणाली.

"तुम्ही रडता, आणि घरी जाऊन पेरू खाता. त्याच्या घरचं कोण आहे? काठावर कपाळ बडवणारी बायको नको का? बायको नसलेला हुतात्मा म्हणजे मिठाशिवाय आमटी!"

माळ विचारात पडला. इतकी वर्षं काहीतरी कमी आहे असं सगळ्यांना एकदम वाटू लागलं.

"शेजारच्या जंगलातल्या पोवाड्यात बायको आहे का?" मुंगूसरावांनी हळूच विचारलं.

"दोन आहेत," मागून तरस म्हणाला.

"दोन!" मुंगूसरावांची शेपटी फुलली. "आणि आपल्याकडे एकही नाही? बंधूंनो, हे माझ्या मनात फार दिवसांपासून होतं! आपल्या हुतात्म्याला पत्नी मिळालीच पाहिजे!"

"मिळालीच पाहिजे!"

"पण होणार कोण?"

चंद्राने लाजून खाली पाहिलं. "जंगलाच्या संस्कृतीसाठी मी तयार आहे."

तात्या धडपडत पुढे आले. "अगं, पण तो बुडालाय!"

"म्हणून तर, तात्या."

"अहो, बुडालेल्याशी लग्न कसं लावणार?" तात्या मंडळाकडे वळले.

"लग्न बुडण्याआधीच झालं होतं असं धरायचं," मुंगूसराव समजुतीने म्हणाले. "फक्त ते आज लावायचं. तात्या, रसिकांची इच्छा आहे. मोडता घालू नका."

सगळा माळ तात्यांकडे पाहू लागला. तात्या कळपाचे म्होरके होते, पण तेही शेवटी रसिकच होते. त्यांनी मान डोलावली.

मग नवा पेच उभा राहिला. नवरदेवाच्या जागी उभं कोण राहणार? अंगापिंडाने सोनाप्पाच्या जवळपासचा कुणीतरी हवा. मंडळाने गर्दीवरून नजर फिरवली.

"हा कसा वाटतो?" घोरपडीने सोनाप्पाकडे बोट केलं.

मुंगूसरावांनी त्याला वळवून, फिरवून पाहिलं. "चालेल. हुबेहूब नाही, सोनाप्पा यापेक्षा रुबाबदार होता. पण लांबून खपून जाईल."

सोनाप्पाला पळसाच्या फुलांच्या मुंडावळ्या बांधल्या. गोरज मुहूर्त होता. रानकोंबड्यांनी पानांचा अंतरपाट धरला. शाहिराने मंगलाष्टकं म्हटली, आणि घसा इतका मोकळा सोडला की पळसाची फुलं आपोआप गळून अक्षतांसारखी डोक्यांवर पडली. सगळा माळ ओक्साबोक्शी रडत होता.

"अरे हसतोस काय?" मुंगूसराव सोनाप्पाच्या कानाशी फिसकारले. "बुडालायस तू! जरा दुःखी हो!"

सोनाप्पाने फार प्रयत्न केला. जमलं नाही.

"शुभ मंगल सावधान!" अंतरपाट खाली गेला. आणि एक आवाज उठला:

"वन्स मोअर!"

तात्या ओरडले होते. त्यांना इतकं सुंदर लग्न कधीच पाहायला मिळालं नव्हतं.

अंतरपाट पुन्हा धरला. लग्न पुन्हा लागलं. तिसऱ्यांदा लागत असताना लांबून वाघाची डरकाळी आली, तसा सगळा माळ शुभेच्छांच्या फलकासकट पांगला. जाता जाता प्रत्येकाने चंद्राचं सांत्वन केलं.

"धीराने घे हो पोरी," खार म्हणाली.

"घेते," चंद्रा म्हणाली.

शाहीर नवरानवरीबरोबर चालत निघाला. कुणी वन्स मोअर म्हणायला नाही हे पाहून त्याने दुसरा चौक सुरू केला, आणि तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेला. सोनाप्पा ऐकत होता. आपण कसे बाहेर आलो, हे त्याला याआधी इतकं नीट कळलंच नव्हतं.

"पुढे काय झालं, शाहीर?" चंद्राने विचारलं.

शाहीर थांबला. इतक्या वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो नुसताच काटे खुळखुळवत त्यांच्या पुढे चालू लागला.

यथावकाश दोघांना गोजिरवाणं वासरू झालं. पळस फुलल्यावर तिघं महोत्सवाला गेली. वासराला पाहून माळाला नवा हुंदका फुटला. "बिचारं! बापाचं तोंडही पाहायला मिळालं नाही!" घोरपड म्हणाली, आणि वासराच्या बापाला बाजूला सरकायला सांगून तिने लेकराच्या तोंडावरून मायेने शेपटी फिरवली.

मंचावर शिंगं बुडाली. वासराने आईला विचारलं, "आई, ते कोण बुडालं?"

"तुझे बाबा."

वासराने शेजारी पाहिलं. "मग हे कोण आहेत?"

"हेही तुझेच बाबा," चंद्रा म्हणाली. "यांना पोहता येतं. पण हळू बोल, लोकांना आवडत नाही ते."

तात्पर्य: रसिकांना गाणं पुरं ऐकवायचा हट्ट धरू नये. ज्या कडव्यात त्यांनी आपल्याला बुडवलं असेल, तिथेच संसार थाटावा. जागा थोडी ओली असते आणि सारखं गरगरतं, पण लग्नाला सगळं जंगल येतं.