पाच बोटांचा उजेड

आमची शेवटची गाडी सानगडीच्या बाजारातून सुटली तेव्हा दिवस बुडाला होता. गाडी म्हणजे सायकल. ड्रायव्हर माझी बायको पारबता, आणि मागे कॅरिअरवर वांग्यांची पिशवी धरून मी. सीटवर बसल्यावर मागे न पाहता तिने विचारलं, "बसले का नीट?" मी म्हटलं, "बसलो." मग तिने डायनामोचा खटका टायरवर दाबला, तोंडाने बारीक शिटी मारली आणि गाडी सोडली. घरी येईपर्यंत चार वेळा थांबली. अंगणात आल्यावर म्हणाली, "आलं टेशन. वांगी सांभाळा." किडका भाग काढून तिने भाजी केली, आम्ही जेवलो. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडता झाडता ती खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत गेली.

शिटी मारल्याशिवाय ती सायकल कधीच सोडत नसे. तिचा बाप रेल्वेत गँगमन होता. ती स्वतः आगगाडीत बसली असेल दोन-चार वेळा, पण बोलणं सगळं रेल्वेचं. भात शिजायला वेळ लागला तर "लेट चालून राहिला." पाहुणे जास्त दिवस राहिले तर "मालगाडी हाये, लवकर नाई हालायची." आमचं लग्न जमलं तेव्हा मला पाहून बापाला म्हणाली होती म्हणे, "डबा बरा हाये, पण इंजन दिसत नाई."

इंजन पुढे तिलाच व्हावं लागलं. मी तुमसरला राइस मिलमध्ये हमाल होतो. एका दिवशी पोत्यांची थप्पी घसरली आणि डाव्या गुडघ्यावर आली. तेव्हापासून तो पाय वाकत नाही. वाकत नाही म्हणजे नाहीच. सायकल चालवणं संपलं. पारबताने महिनाभर खळ्यात पडून-झडून सायकल शिकून घेतली, पोरीची जुनी सायकल नीट केली आणि म्हणाली, "बसा मागं."

मागे बसायचं तेही एका बाजूने, बायका बसतात तसं. आणि डावा पाय सरळ बाहेर, रेल्वे फाटकाच्या दांड्यासारखा. तिला त्याचं भारी कौतुक. समोरून कोणी दिसलं की घंटी वाजवून म्हणायची, "सरका गा, फाटक येऊन राहिलं." मी दुपट्ट्यात तोंड खुपसून म्हणायचो, "चूप बस ना वं."

सरळच सांगतो. पाय गेल्याचं जेवढं दुःख नव्हतं तेवढं याचं होतं. बायको सायकल हाकते आणि बाप्या मागे बसतो, हे गावाने पाहिलं तर मला मेल्यासारखं वाटलं असतं. म्हणून मी नियम केला. बाजाराला जायचं ते दिवस कलल्यावरच, आणि यायचं अंधारात.

उठत्या बाजारात काय राहते? दबलेले टमाटे, मान टाकलेली मेथी, आणि अळ्यांनी आधीच पसंत केलेली वांगी. बारा वर्षं आमच्या घरी तेच आलं. पारबता त्यातही हुशार झाली. वांगं कानाशी नेऊन हलवायची आणि सांगायची, "याच्यात एकच सवारी हाये, चालते." भाजीवाल्या हसायच्या. कधी कधी मला म्हणायची, "अजी, एक डाव सकाळच्या बाजारात चला ना. ताजं वांगं कसं असते ते मले पाहू द्या." मी म्हणायचो, "पुढच्या बाजारी." ती म्हणायची, "बरं." बारा वर्षं हेच.

अंधारात यायचं तर उजेड पाहिजे. आधी बॅटरी होती. ती मागून तिच्या खांद्यावरून मी धरायचो. मला वाटे रस्त्यावर धरली आहे, पण ती कधी बाभळीवर, कधी कुत्र्यावर. एकदा एक माणूस शेताच्या बांधावर लोटा घेऊन बसला होता, नेमका उजेड त्याच्यावर. पारबता इतकी हसली की आम्ही दोघं नहराच्या नालीत गेलो. दुसऱ्याच बाजारी तिने सायकलच्या दुकानात गाडी लावली.

मिस्त्रीने दोन डायनामो काढले. म्हणाला, "हा साधा. बल्बवाला, पिवळा उजेड. गाडी थांबली का विझते. अन् हा नवा, एलईडीवाला. उजेड पांढरा फक्क, अन् गाडी थांबल्यावरही थोडा वेळ जळत राहते." दोन्ही आलटून पालटून लावून त्याने हाताने चाक फिरवलं. पारबताने दिव्यापासून पंधरा पावलं मोजली, तिथे उभी राहून हात वर केला आणि मला ओरडून विचारलं, "किती बोटं दिसून राहिली?" तिची उजेड पाहायची रीत ही. पांढऱ्याच्या उजेडात पाचही बोटं दिसली, बोटात अंगठी असती तर तीही दिसली असती. पिवळ्यात तीन दिसली, तीही अंदाजाने.

ती म्हणाली, "पांढरा घेऊ. तलावाच्या पारीच्या चढावावर थांबा लागते, तठी अंधार नाई होणार."

मला पांढऱ्या उजेडात तिचं तोंडही लख्ख दिसलं होतं. एवढा उजेड आला की माणसं वळून पाहणार आणि आम्हाला ओळखणार. मी म्हटलं, "पांढऱ्यानं माहे डोळे दुखतात. पिवळाच दे मिस्त्री." मागे बसणाऱ्याचे डोळे कसे दुखतील, हे मिस्त्रीने विचारलं नाही. पारबतानेही विचारलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "घ्या. चालवणारी मी, उजेड तुमचा."

त्या डायनामोने गाडी जड चालायची. आवाज तर असा घुर्रर, की पीठगिरणी रस्त्याने निघाली वाटावी. एकदा धापा टाकत म्हणाली, "तुमी दोघं लय भारी होऊन राहिले. एकाले घरी ठेवा लागन." मी विचारलं, "कोणाले?" म्हणाली, "डायनामो तं उजेड देते बाप्पा."

गावाआधी तलावाची पार, म्हणजे मातीचा उंच बांध, लागते. रस्ता तिच्यावरून चढतो. चढावावर चाक मंद झालं की दिवाही मंद, आणि ती थांबली की सगळा अंधार. मी बसूनच राहायचो. न वाकणाऱ्या पायाने मधेच उतरता येत नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, आणि तिने ते खरं धरलं होतं. अंधारात सायकलही तिने धरायची आणि मलाही. मी विचारायचो, "काय झालं?" म्हणायची, "सिग्नल नाई भेटला." थोड्या वेळाने, "भेटला," म्हणून निघायची. मला ते बोलणं इतकं आवडे की कधी कधी मीच विचारायचो, "आज सिग्नल हाये का नाई?" पहिल्या वर्षांत ती एकदा थांबे. मग दोनदा. मी हसायचो. म्हणायचो, तुझी लाइन बिघडली.

तेरवीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माणसं अंगणात बसली होती. आमच्या गावचा गणपत, त्याचं घर पारीखालीच शेवटचं, तो म्हणाला, "आता सांजेले सुनं वाटते गा. तुमची गाडी ऐकून आमची बुढी भात मांडे."

मी म्हटलं, "कोणती गाडी?"

"आता कायले लपवतं? डायनामोचा आवाज अर्ध्या गावाले जाये. अन् पुढून पाह्यलं तं पिवळ्या उजेडाच्या बाजूले तुहा पाय."

बसलेल्यांपैकी कोणीच चमकलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. मी विचारलं, "मंग कोणी बोललं काहून नाई?"

गणपतने तोंडातला सुपारी-तंबाखूचा घोटलेला खर्रा बाजूला थुंकला. "वहिनीनं सांगतलं होतं. म्हणे, तुमाले माहीत हाये हे त्याईले कळू देऊ नका. बसणं सोडतीन, मंग घरातच सडतीन."

मग तो खाली पाहून म्हणाला, "पारीवर आवाज बंद पडे ना गा. आधी एकदा बंद पडे, यंदा चार-चारदा. आमची बुढी म्हणे, बाईले दम लागून राहिला, तिच्या माणसाले सांगा. मी म्हटलं, तो तं मागंच बसला हाये, त्याले माहीत नसन का?"

मला माहीत नव्हतं. पारीखालच्या घरात चुलीपाशी बसलेल्या बाईला जे ऐकू येत होतं, ते पारबताच्या पाठीला टेकून बसलेल्या मला कळलं नव्हतं. दिवसा गेलो असतो तर रस्त्यावरच्या कोणीतरी तिचं तोंड पाहून थांबवलं असतं. विचारलं असतं, काहून वो बाई, काय होऊन राहिलं? एवढंच पाहिजे होतं. मी अंधार निवडला, आणि त्यातला उजेडही पिवळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची पोरगी सुनीता, कोंढ्याला दिली आहे ती, तेरवीची भाजी आणायला सानगडीला निघाली. तिने आईची सायकल काढली. मी म्हटलं, "मी येतो."

ती म्हणाली, "बाबा, आता? उजेडात?"

म्हणजे तिलाही माहीत होतं.

मी बसलो. डावा पाय बाहेर. दुपट्टा खांद्यावरच राहू दिला. पानठेल्यावर आठ-दहा माणसं होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, कोणीतरी हसावं म्हणून. कोणी हसलं नाही. एकाने हात जोडले.

पारीचा चढाव लागला तशी सुनीता पुढे वाकली आणि जोर लावू लागली. तिची पाठ माझ्यापुढे वरखाली होऊ लागली.

"थांब," मी म्हटलं.

"काहून?"

"उतरतो."

"बाबा, तुमाले मधात उतरता येत नाई ना?"

मी कॅरिअर धरलं, आधी सरळ पाय जमिनीला लावला, मग दुसरा. सायकल डगमगलीसुद्धा नाही. सुनीता पुढे गेली आणि वर जाऊन थांबली. मी कडेकडेने चढत गेलो. वर पोचायला मला एक खर्रा घोटायला लागतो तेवढा वेळ लागला. तेवढाच.