न विरघळणारे पदार्थ आणि गायकवाड सर

गायकवाड सर कुणाशीही हात मिळवत नाहीत. आमच्या मालकांचे व्याही प्रयोगशाळा पाहायला आले, तेव्हाही सरांनी लांबूनच नमस्कार केला आणि हात पाठीमागे घेतले. कारण एकच, दुसऱ्याच्या बोटांना तेल असतं. कामशेतजवळच्या आमच्या या रसायनांच्या प्रयोगशाळेत कुणी लोणावळ्याहून चिक्की आणली, की ती व्हरांड्यातच थांबते. आणणारासुद्धा.

"साहेब, केसांना तेल लावलंय?" मी त्यांचा वरिष्ठ. तरी रोज सकाळी दारात हा प्रश्न ऐकतो. काचेची भांडी धुणाऱ्या शेवंतामावशी तर टेकीला आल्यात. "म्या हात न्हाई लावला, निस्तं बघितलं," त्या म्हणतात. "आता बघायचं बी न्हाई का?"

"लांबून बघा," सर म्हणतात.

हे सारं पृष्ठताणाच्या चाचणीसाठी. भांड्यातल्या पाण्यावर प्लॅटिनमची कडी टेकवायची, सावकाश वर ओढायची आणि पाणी तिला किती जोराने धरून ठेवतं ते मोजायचं. बोटाच्या तेलकटपणानेही आकडा बिघडतो, हे मान्य. पण ते रोज ऐकायची गरज नाही.

खरी कटकट नियमाची. लिटरभर पाण्यात जो पदार्थ एक मिलिग्रॅमसुद्धा विरघळत नाही, त्याला ही चाचणी माफ असते. हल्ली आमच्याकडे येतात ते बहुतेक असलेच, मेणचट, पाण्याला दाद न देणारे. मी "चाचणी आवश्यक नाही" असं लिहून सही करतो. नियमाप्रमाणे करतो, तरी चोरी केल्यासारखं वाटतं, कारण सर समोर उभे असतात. "विद्राव्यता कुणी मोजली? मी पुन्हा मोजतो." आणि खरंच मोजतात. अहवाल रखडतो, ग्राहक माझ्यावर डाफरतो.

गेल्या महिन्यात वरून निरोप आला. महिनाअखेरपर्यंत एकही चाचणी झाली नाही, तर यंत्र पुण्याच्या शाखेत जाणार आणि सर कागदपत्रांच्या टेबलावर. शेवटच्या दिवशी एकच नमुना उरला होता. तो सरांनी स्वतः मोजला. लिटरला नऊ दशांश मिलिग्रॅम.

"सर, एक धरू या," मी हळूच म्हणालो.

"नऊ दशांश आहे, साहेब."

"एवढ्याने कुणाचं काय बिघडतंय? तुमचं यंत्र वाचेल."

"आवश्यक नाही. लिहा."

मी वैतागून सही केली. ज्यांच्यासाठी खोटं लिहायला निघालो, तेच आडवे.

संध्याकाळी निघताना त्यांच्या खोलीत दिवा दिसला. सर यंत्रापाशी बसले होते. भांड्यात नुसतं शुद्ध पाणी.

"आता हे कशाला?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"देहूरोडला घरी मी एकटाच. जेवायला बसलो की नागपूरहून मुलीचा फोन येतो. लहान असल्यापासून एकच विचारते, पप्पा, आज काय मोजलं?" त्यांनी भांडं जरासं सरकवलं. "नमुने नसले की मी पाणी मोजतो. तिला खोटं कसं सांगू?"

मी स्टूल ओढून बसलो.

"आणि उद्यापासून, सर?"

"बोलू नका, साहेब. पाणी हलतं."

कडी पाण्याला धरून हळूहळू वर येत होती. मी श्वाससुद्धा जपून घेतला.