भामाबाईंचे प्रस्थान, थोरल्या तळाहून धाकट्या तळास

॥ श्री ॥ पायांस भूमी असावी, डोईवर आभाळ असावे, आणि जो जीव या दोहोंमध्ये अडकला त्यास कोणी तरी ठिकाणास पोहोचते करावे, इतुके मागणे मागोन हकीकत लिहावयास घेतली. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पक्ष, वार शनि, ते दिवशी पश्चिमेकडील एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले, पदरचे कालविले नाही. त्या राज्यात विमानांची दोन संस्थाने, एक थोरले आणि एक धाकटे. थोरल्याची विमाने समुद्र उल्लंघोन येत, पोटात चारशे माणूस घेत, मानेस उशी देत, दोन वेळा जेवू घालीत. धाकट्याची विमाने लहान, पल्ला हाकेच्या अंतराचा आणि दिमाख अंबारीच्या हत्तीचा. पाणी मागितले तर मोल, खिडकी मागितली तर मोल, आणि माणसाने श्वास फुकट घ्यावा याचेही त्यांस वाईट वाटे. थोरल्याचा तळ नगराच्या पश्चिमेस, धाकट्याचा पूर्वेस, मध्ये बारा कोस आणि अवघ्या नगराची गर्दी. आणि दोहोंत तह नाही. थोरल्याने उशीर केला तर धाकटा म्हणे, आम्हांस काय; धाकट्याने दार लाविले तर थोरला म्हणे, तो आमचा कोण? मग मध्ये जे माणूस सापडले ते कोणाचे? दोन्ही दरबारांनी त्याजकडोन तिकिटे घ्यावी आणि दोघांनीही त्यास परके म्हणावे, हा न्याय कोणत्या शास्त्रात लिहिला आहे ते शोधोन सापडले नाही.

कृष्णाकाठच्या एका गावी भामाबाई निगडे म्हणोन शिवणकाम करणाऱ्या बाई, वय अठ्ठावन्न. आई वारली तेव्हां धाकटा भाऊ दिगंबर तीन वर्षांचा. बाईंनी त्यास काखेस मारोन वाढविला, शिवणयंत्राच्या खडखडाटात निजविला, आणि तो शिकोन शहाणा होऊन त्या पश्चिमेच्या राज्यात उत्तरेच्या अंगास नोकरीवर रुजू जाहला. मग चाळिशी उलटता त्यास कन्यारत्न जाहले आणि बारसे रविवारी दोन प्रहरी नेमिले. नाव ठेवणे हा आत्याचा मान. दिगंबराने फोनवर सांगितले, "आक्का, नाव तूच ठरव. आम्हांला पण सांगू नकोस. पाळण्यात वाकून आधी तिच्या कानात सांग, मग आम्ही ऐकू." त्यामुळे नाव बाईंच्या ओठांआड, दुसऱ्या कोणास ठाऊक नाही, बाई न पोहोचल्या तर लेकरू बिननावाचे. बाई गळ्यातल्या गळ्यात म्हणत असत,

आत्या ग दूर येती, आभाळ वलांडून
भाचीच्या कानासाठी, नाव आणती सांभाळून

तिकिटे दिगंबरानेच काढिली, एक थोरल्या संस्थानाचे आणि एक धाकट्याचे, आणि दोहोंमध्ये साडेपाच तास. बाई म्हणाल्या, "दिगू, दोन कापडं जोडायची तर शिवणीला बोटभर जादा कापडाची माया सोडाय लागती. हितं सोडलीयास न्हवं?" तो म्हणाला, "आक्का, साडेपाच तास म्हणजे लई झालं." तितुक्यावर बाईंनी विश्वास ठेविला. मात्र निघावयाचा वार शुक्र आला, आणि शुक्रवारी पश्चिमेस दिशाशूल, त्या दिशेस घराबाहेर पाऊल घालू नये. त्यास आपल्या मुलखात तोड आहे. बाईंनी बुधवारीच सुमुहूर्तावर बॅग भरिली, हळदकुंकू वाहिले, आणि गल्लीपलीकडे शेवंता गुरवीण यांचे घरी पाटावर तांदूळ पसरोन त्यावर नेऊन ठेविली. यास प्रस्थान ठेविणे म्हणतात. गाठोडे उंबऱ्याबाहेर पडले की माणूस निघाले ऐसे समजावे, मग वार आडवा येत नाही. आणि ठेविलेले प्रस्थान मागे घरात आणू नये. शुक्रवारी सकाळी बाई रिकाम्या हाती निघाल्या, शेवंताबाईंचे येथून बॅग उचलिली, आणि मागे न पाहता कूच केले.

थोरल्याचे विमान शनिवारी सकाळी साडेसहास उतरावे ते नऊ वाजता उतरले. कारण कोणी सांगितले नाही. उलट उतरतेसमयी दारात उभे राहोन "पुन्हा यावे" म्हणाले. शेजारच्या आसनावर अकोटचे पेन्शनर पोस्टमास्तर गावंडे होते, तेही धाकट्याच्या त्याच विमानाने लेकीकडे निघालेले, आणि त्यांस इंग्रजी येत असे. ते बोलिले, "चाला बाई, लवकर चाला. बारा वाजता इमान हाय, अन् आपल्याले अजून गाव वलांडाचं हाय." मग शिक्क्याची रांग जाहली, बॅग यावयाची वाट पाहणे जाहले, आणि थोरल्याच्या चाकरास गावंड्यांनी पुसिले, "तुमच्यामुळं उशीर झाला, तं पुढच्या इमानाले दोन शब्द कळवता का?" त्याने खांदे उडविले. भामाबाई म्हणाल्या, "मास्तर, ह्यो खांदं उडवतोय का डास मारतोय?" मग बस धरिली आणि बसने दर कोसास थांबत थांबत अकरा वाजोन पाच मिनिटांस धाकट्याच्या दारी आणोन सोडिले. सामानाची खिडकी अकरा वीसला बंद होणार. दोघांच्या पुढे एक तालेवार गृहस्थ होता. आपली पेटी आपला चाकर भरतो, आपण हात लावीत नाही, ऐसे बसमध्ये त्याने गावंड्यांस बढाईने सांगितले होते. पेटी कोणी भरिली ऐसे खिडकीतील बाईने पुसता तो हसोन "मीच भरिली" बोलिला, आणि त्याची पेटी पट्ट्यावर चढोन राजरोस गेली.

मग भामाबाईंची पाळी आली. खिडकीतील बाईच्या चेहऱ्यावरचे हसू दुहेरी दोऱ्याने शिवोन बसविल्यासारखे. तिने तोच पाठ म्हटला. गावंडे बोलिले, "बाई, ते इचारते का ब्याग तुमीच भरली ना, अन् मंग कोना दुसऱ्यापाशी ठिवली होती का? मी नाही म्हनून सांगतो." मुंबईस विमानात चढतेसमयी हा प्रश्न कागदावर खूण करोन आटोपला होता, तोंडाने कोणी पुसिले नव्हते. भामाबाई बोलिल्या, "न्हाई कशापायी? व्हती की! दोन दिस शेवंता गुरवणीच्या घरात व्हती," आणि बाईकडे पाहोन दोन बोटे वर केली आणि मान हालविली. बाईचे हसू उसवले. तिने वरच्या अंमलदारास बोलाविले, आणि दोघे मिळोन पुसू लागले: ही शेवंता कोण, तिने पेटी उघडली काय, आणि आपले घर असता तिच्या घरी ठेविण्याचे प्रयोजन काय? गावंड्यांनी कपाळास हात लाविला. "आता दिशाशूल या लोकायले कसं सांगू, व माय? छत्तीस वर्षं पोस्टात काढले, पन हा शब्द कोन्या तारेत नाही आला." तरी त्यांनी सांगितले की बाईंस पश्चिमेकडे निघावयाची मनाई होती. अंमलदार सावध होऊन म्हणाला, "मनाई कोणी केली?" गावंडे म्हणाले, "शुक्रवारनं."

यावर अंमलदाराने निवाडा दिला की पेटी तपासणीस जाईल, दोन तास लागतील, विमान थांबणार नाही, आणि पुढचे विमान सोमवारी. सोमवारी! बारसे रविवारी. तालेवाराची पेटी, जी भरताना त्याने डोळ्यांनी पाहिली नाही, ती विमानाच्या पोटात; आणि बाईंची, जिची घडीन् घडी त्यांनी स्वहस्ते केली, ती चोरासारखी बाजूस उभी. खोट्यास वाट आणि खऱ्यास चौकी, ऐसा त्या दरबाराचा कायदा. मग खिडकीतील बाईस काय वाटले ते देव जाणे. तिने आवाज उतरवोन तोच प्रश्न पुनः पुसिला आणि बोट यंत्राच्या कळेवर धरोन वाट पाहिली. गावंडे हलकेच बोलिले, "बाई, संधी देऊन राह्यली ते. एकडाव नाही म्हना. माह्या भाषांतरात चूक झाली म्हनून सांगतो मी. कोनाचं काय जाते?"

भामाबाईंनी बॅगेकडे पाहिले. आत आईच्या इरकलीची शिवलेली कुंची, एक्कावन्न डिंकाचे लाडू, बाळंतिणीस शेपा. एका शब्दाचे काम. मग बोलिल्या, "मास्तर, ज्या तोंडानं उद्या लेकराच्या कानात नाव सांगायचं, त्या तोंडानं आज खोटं बोलू? तिच्या कानात जानारा पयला शब्द माजा हाय. त्यो खरकटा न्हाई करायचा." आणि खिडकीवर हात आपटोन, अवघी रांग वळोन पाहील ऐसे म्हणाल्या, "सांगा ह्यास्नी! आमच्या गावात शेजारणीच्या घरात गाठोडं ठेवलं तर त्यात एक दाना वाढतो, कमी न्हाई हुत. ह्यांच्यात शेजारी म्हंजे काय दरोडेखोर असत्यात व्हय?" गावंड्यांनी हे शब्दशः सांगितले, आणि त्या शब्दांवर पोस्टाचा ठसा मारावा तैसा शेवटी मुठीने एक ठोका दिला.

मग बाईंनी बॅग सर्वांदेखत उघडिली आणि कुंची काढोन पुढे धरिली. अंमलदाराने ती एकटीच यंत्रातून फिरविली, उलटसुलट पाहिली, आणि कापसाखेरीज काही न सापडल्याने परत दिली. बाईंनी ती पदरात बांधिली. बॅग मिटली, तिजवर हात ठेविला, आणि खिडकीतील बाईस सरळ मराठीत बोलिल्या, "आता माजं प्रस्थान तुज्या घरी ठेवलंय, पोरी. घरातलं मानूस समजून सांभाळ. बघून झालं की फुडं धाड, मागं धाडू नगंस. ठेवलेलं प्रस्थान मागं जात न्हाई." गावंड्यांनी तिला समजाविले. तिने चिठ्ठीवर दिगंबराचा पत्ता लिहून घेतला आणि त्याखाली स्वतःचे अक्षराने एक ओळ लिहिली. "काय लिवलं?" बाईंनी पुसिले. गावंडे म्हणाले, "मागं पाठवू नये, असं लिवलं जी."

विमान बारा वाजोन सात मिनिटांनी उडाले आणि तासाभरात उतरले. दिगंबर दारात उभा होता. बहिणीचे दोन्ही हात मोकळे पाहोन घाबरला. "आक्का, सामान कुठाय?"

"सामान मागनं येतंय. नाव आणलंय."

रविवारी दोन प्रहरी बारसे जाहले. गावंडे लेकीसह आले. पाळणा विकतचा, फुले विकतची, कुंची मात्र आजीच्या लुगड्याची. बाईंनी वाकोन लेकराच्या कानात कुर्र केले आणि नाव सांगितले, आणि भोवतालच्या पोरी टाळ्या वाजवू लागल्या तेव्हां वाकल्या वाकल्याच खेकसल्या, "टाळ्या काय वाजिवताय? पाठीत मारा की गं! धपाटा बसल्याबिगर नाव लागत न्हाई!" मग गावंड्यांच्या लेकीने नेमाने चार धपाटे घातिले, आणि बाई ताठ होऊन मोठ्याने बोलिल्या, "तारा." ते त्यांच्या आईचे नाव. दिगंबर आईचा चेहराही न आठवणारा, तो पाळण्याची दोरी धरोन खाली बसला आणि कितीएक वेळ उठला नाही.

बॅग बुधवारी आली. कुलूप नीट, शेपा नीट, चिठ्ठी जागच्या जागी. मात्र डबा उघडिला तो एक्कावन्नही लाडू सुरीने मधोमध कापिलेले. बाईंनी अर्धुके मोजिली, एकशे दोन भरली, एक कमी नाही. तेव्हां जो संताप जाहला तो तळावरही जाहला नव्हता. "एवढं कापून बघितलं, अन् एकानं बी तोंडात टाकला न्हाई! कसली अळणी मानसं ही!"

तात्पर्य, थोरल्याने उशीर केला, धाकट्याने खऱ्यास अडविले, आणि दोहोंत तह अद्याप जाहला नाही. बॅग अडली, नाव अडले नाही. पुढे जो कोणी दोन संस्थानांची तिकिटे एकत्र शिवील त्याने माया सोडोन शिवावी. वर्तमान येथवर, लिहिणाराचे चुकले असेल ते ऐकणाराने सावरोन घ्यावे.