इनासकाकांचं बावखल

"तुमच्या बिल्डिंगीतली जोडी सध्या माझ्याकडे आहे," इनासकाका पहिल्याच भेटीत म्हणाले. मला वाटलं, कुणी भाडेकरू असतील. पण त्यांनी बोट दाखवलं ते बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाने शेपटी उडवत चाललेल्या दोन पाणकोंबड्यांकडे. आमची इमारत ज्या बावखलात भराव टाकून उभी राहिली, तिथल्या त्या मूळ रहिवासी. मी उगीचच ओशाळलो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. नंदाखालमध्ये एकेक बावखल बुजत होतं आणि तिथली पाखरं काकांच्या केळीच्या वाडीत गोळा होत होती. काका प्रत्येक जोडीला जुन्या पत्त्याने ओळखत. एक शाळेमागची, एक गिरणीजवळची. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की इस्त्रीच्या कपड्यांतच काठावर उकिडवे बसत. काकी आतून ओरडत, ते काकांच्या कानापर्यंत पोचत नसे.

"उगाच नाय कोण कुठे राहत," हे त्यांचं पालुपद. केवड्याखाली आडोसा आणि गोगलगाई भरपूर, म्हणून पहिली जोडी तिथे. दुसरी धुण्याच्या दगडापाशी. पुढच्यांच्या वाट्याला उघडा काठ. गर्दी वाढली की मारामाऱ्या, आणि मारामारीत पिल्लांकडे बघणार कोण? गिरणीवाली जोडी मात्र एक दिवस उठून रस्त्याकडेच्या गटारात गेली. तिथे खायला बेताचंच, पण भांडायला कोणी नाही. तिने चार पिल्लं वाढवली. ऑफिसला निघालेल्या मला हाताला धरून नेऊन काकांनी ती दाखवली. त्या दिवशी माझी अर्धी रजा गेली.

बिल्डर येऊन गेले, थोरल्या मुलाने धोशा लावला, पण काका बावखल द्यायला तयार नव्हते. "म्हातारा पाखरांपायी येडा झालाय," असं गाव म्हणायचं. मीही हसून मान डोलवायचो.

एका रविवारी काका पाखरांकडे पाठ करून बसले होते. विचारलं तर म्हणाले, "विल्सन येऊन गेला."

विल्सन धाकटा. एका घरात दोन भावांचे संसार, स्वयंपाकघरावरून रोजची धुसफूस. त्याला कंटाळून तो मीरा रोडला दोन खोल्यांत राहायला गेला होता.

"ही जागा त्याच्यासाठी राखलेली मी," काका म्हणाले. "बिल्डरला दिली असती तर तो घर कुठे बांधणार? काल बोललो त्याला, ये बाबा परत. उद्याच भराव टाकतो. तुझं वेगळं घर बांध."

"मग?"

"बोलला, नको पप्पा. आम्ही तिकडे सुखात आहोत."

इतकी वर्षं मी या माणसाला पाखरवेडा समजून हसत होतो. मला स्वतःची लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग आता बावखलाचं काय करणार?"

"राहू दे," काका म्हणाले. "आता भराव टाकायचा कोणासाठी?"